केईएफ घेतले, वॉलनट सोडलं: पुढच्या खोलीच्या स्पीकरचा रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकते, कारण असले रिव्ह्यू मी पण शेवटाकडनंच वाचते. केईएफचे क्यू १५० घेतले, काळे. वॉर्फडेलचे डायमंड १२.१ वॉलनटमधले दिसायला कितीतरी छान होते आणि घरात मतदान घेतलं असतं तर तेच निवडून आले असते, पण आमच्या घरात एकजण जमिनीवर बसतं, एकजण झोपाळ्यावर आणि एकजण स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ऐकतं, सगळा फरक तिथं पडला. कसा ते खाली येईलच.

घर सांगलीत, विश्रामबागेत. पुढची खोली साधारण ११ बाय १३, खाली टाइल्स, मध्ये झोपाळा, एका भिंतीला सासऱ्यांनी हौसेनं करून घेतलेलं सागवानी शोकेस, छातीएवढ्या उंचीचं, काचेची सरकती दारं असलेलं. स्पीकर त्या शोकेसवरच ठेवायचे, स्टँड नकोत, कारण झोपाळा मागं गेला की स्टँड आडवा. अँप (अँप्लिफायर) जुना आहे, ५० वॉटचा स्टिरिओ, अजून ठणठणीत, त्यामुळं आत अँप असलेले ब्लूटूथवाले नको होते. मी गाणं शिकते, मिरजेला जाते क्लासला, ऐकते ते ख्याल आणि नाट्यसंगीत. नवऱ्याला सिनेमे बघायचेत आणि त्याच्या डोक्यात कायम सबवूफर (खालचा धुडुम आवाज वाजवणारा वेगळा डबा) असतो. सासूबाईंची अट एकच, शोकेसवर शोभलं पाहिजे. बजेट जोडीला तीस-पस्तीस हजार, फारच ओढलं तर चाळीस.

सांगलीत होम थिएटर भरपूर मिळतात पण बुकशेल्फ (कपाटावर मावतील असे छोटे) स्पीकर शेजारी शेजारी लावून ऐकवणारं मला कुणी सापडलं नाही, म्हणून कोल्हापूर आणि पुणे दोन्ही झालं. पुण्यातल्या दुकानाची डेमो रूम कडक होती, जाड कार्पेट, भिंतींना पॅनेल, एसी, सोफा. तिथला मुलगा माहितीचा होता पण बोलणं सगळं नवऱ्याकडं बघून, सर तुमचं लिसनिंग काय असतं, सर वॉट किती पाहिजेत, आणि सर माझ्याकडं बघतायत. मी पर्समधनं पेनड्राइव्ह काढून हातात दिला तेव्हा मॅडम झाले एकदाची. बाकी दुकानाला नावं ठेवणार नाही, हवा तेवढा वेळ बसू दिलं, स्वतःच्या फायली लावू दिल्या, जोड्या परत परत बदलून दिल्या आणि हे घ्याच म्हणून मागं लागले नाहीत. फक्त त्या गालिचाच्या खोलीत जे ऐकू येतं ते आपल्या टाइल्सवर तसंच्या तसं येत नाही, हे डोक्यात ठेवून ऐकायचं.

आणि एक गोष्ट कराच. जोड्या बदलताना आवाज सारखा करून घ्या. वॉर्फडेलची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, ८८ डीबी दिलीय, क्यू १५० ची ८६. अँपचं बटण जागेवरनं न हलवता जोडी बदलली तर वॉर्फडेल दोन डीबी मोठा वाजतो, आणि जे जरा मोठं वाजतं ते कानाला नेहमी चांगलंच वाटतं, आपण म्हणतो काय ओपन साउंड आहे आणि तो नुसता मोठा असतो. मोबाइलवर आवाज मोजायचं फुकट ॲप मिळतं, अचूक नसलं तरी दोन जोड्यांची तुलना करायला पुरतं. नवरा आधी हसला, सारखा करून ऐकल्यावर त्याचंच मत बदललं. तीन डीबी वाढवायला अँपला दुप्पट पॉवर द्यावी लागते, त्यामुळं अँप लहान असेल तर हा आकडा बघूनच घ्या, आमच्या खोलीला ५० वॉट चिक्कार होतात.

पेनड्राइव्हवर काय होतं तर माझ्याच तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग, चांगल्या रेकॉर्डरवर वेव्ह फाइलमध्ये केलेलं, व्हॉट्सॲपवरनं फिरून आलेलं नव्हे. तानपुरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला, २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तोच मिरजेचा तानपुरा. डेमोची गाणी कुठल्याही स्पीकरवर भारी वाजतात, ती त्यासाठीच निवडलेली असतात. हे वाद्य मात्र मी रोज सकाळी कानाशी धरून बसते, ते खरं कसं वाजतं ते मला पाठ आहे. जवारी (तार झंकारावी म्हणून घोडीला दिलेला बारीक उतार) नीट लागलेली असली की एका तारेतनं वरचे सूर एकामागं एक उलगडत येतात. ते वेगवेगळे न येता सगळे मिळून नुसतं झ्यँ असं आलं तर ट्विटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) काहीतरी गिळतोय, आणि टोचायला लागले तर जास्तीचं घालतोय. दुसरी फाइल म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवरनं उतरवलेलं गाणं. खाँसाहेब १९३७ ला गेले, तेव्हाचं रेकॉर्डिंग कसलं असणार, खरखर आहे, वरचं फार काही नाही. पण आम्ही मिरजेकडचे लोक ते ऐकतोच, आणि ज्या स्पीकरवर खरखर पुढं आणि गळा मागं जातो तो माझ्या उपयोगाचा नाही.

बेसबद्दल लोक उगाच घाबरवतात, पाच इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा भाग) म्हणजे बेस नाहीच, सब पाहिजेच वगैरे. हिशोब करून बघा की. माझा सा हार्मोनियमच्या काळी तीनचा, म्हणजे साधारण १८५ हर्ट्झ. खर्जाची तार, तानपुऱ्याची सगळ्यात खालची, बरोबर त्याच्या निम्मी, ९२-९३. पुरुषाचा काळी एक धरला तर सा १३८-१३९ आणि खर्ज ६९ च्या आसपास. क्यू १५० ला कंपनी ५१ हर्ट्झपासून पुढं म्हणते. म्हणजे पुरुषी तानपुऱ्याचा खर्जसुद्धा त्यात बसतोय. याच्या खाली सिनेमातले स्फोट आणि डीजेचं धुडुम असतं, ज्याला पाहिजे त्यानं त्यासाठी सब घ्यावा, ख्यालाला नाही लागत. डग्ग्यावर घसरून येणारा हात ऐकू आला पाहिजे, तो तिन्ही जोड्यांवर आला.

तिन्ही म्हणजे वॉर्फडेल डायमंड १२.१, केईएफ क्यू १५० आणि एलॅकचे डीबीआर ६२. एका मैत्रिणीकडचे एडिफायरचे आर १२८० डीबी पण ऐकले, आत अँप आणि ब्लूटूथ असलेले, बाजूला लाकडी रंगाचे. टीव्हीसाठी आणि स्वयंपाक करताना गाणी लावायला मस्त, आणि ज्याच्याकडं अँप नाही त्यानं उगाच मोठ्या भानगडीत न पडता तेच घ्यावेत. पण तानपुरा लावल्यावर वरचे सूर एकमेकांत मिसळायला लागले. किमतीतला फरक बघता ते चालायचंच.

एलॅकचे खरं तर सगळ्यात भरीव. साडेसहा इंची वूफर आहे आणि पोर्ट (पेटीतली हवा आत-बाहेर होते ते भोक) पुढच्या बाजूला, खाली लांबट फट, त्यामुळं भिंतीला चिकटवायला सोयीचे. कंपनी जर्मनीतल्या कील गावची, १९२६ ची, सुरुवात पाण्याखालच्या सोनारपासनं. फिनिशपण वेगळं, पुढचा भाग पांढरा आणि बाजू ओक, किंवा पुढं काळा आणि बाजूला वॉलनट. बजेटच्या बाहेर जात होते आणि शोकेसवर पहारेकरी बसवल्यासारखे दिसले असते. ज्याची खोली मोठी आहे त्यानं आधी हे ऐकावेत.

वॉर्फडेलवर खाँसाहेब सगळ्यात छान वाजले, हे कबूल. १९३२ पासनंची यॉर्कशायरची कंपनी आहे, ही बारावी मालिका २०२० ची. वूफरचा कोन (हलणारा पडदा) पॉलिप्रॉपिलीनमध्ये अभ्रक मिसळून केलाय, ट्विटर कापडी डोमचा. आवाजाला ऊब आहे, गळ्याला अंग आहे, खरखर मागं राहते, आणि नाट्यसंगीतातला ऑर्गन तर असा भरून येतो की सासूबाई तिथंच हो म्हणाल्या. वर वॉलनट रंग. मी पण जवळजवळ कार्ड काढलं होतं.

पण नंतर एक ओळखीचे घरी वापरायला देतो म्हणाले म्हणून वॉर्फडेलची जोडी शोकेसवर लावून ऐकली, आणि तिथं घोळ समजला. मी रियाजाची सतरंजी टाकून खाली बसते, कान जमिनीपासनं जेमतेम अडीच फुटांवर, आणि स्पीकरचा ट्विटर साडेचार फुटांवर, अंतर सहा-सात फूट. साध्या टू-वे स्पीकरमध्ये ट्विटर वर आणि वूफर खाली असतो, दोघांत पाच-एक इंचांचं अंतर. समोर त्याच उंचीला बसलं की दोघांचा आवाज एकदम पोचतो. खूप खाली बसलं की वूफर जवळ आणि ट्विटर लांब, एकाचा आवाज जरा उशिरा येतो, आणि जिथं दोघं मिळून वाजतात त्या दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात ते एकमेकांना खातात. गळ्यातले शब्द नेमके त्याच पट्ट्यात स्पष्ट होतात. म्हणून खाली बसले की बंदिशीचे शब्द जरा धूसर, उठून उभी राहिले की स्वच्छ. हा वॉर्फडेलचा दोष नव्हे बरं का, वर-खाली ड्रायव्हर (ट्विटर, वूफर) असलेल्या कुठल्याही स्पीकरचं कमीजास्त असंच. कंपन्या धरून चालतात की माणूस खुर्चीवर बसणार आणि स्पीकर त्याच्या कानाच्या उंचीला असणार. आपल्याकडं निम्मं घर खाली मांडी घालून बसतं त्याचं काय.

मागनं ठोकळा घालून स्पीकर पुढं झुकवले तर माझ्यापुरतं सुटलं, मग झोपाळ्यावरच्यांना आणि दारातल्यांना बिघडलं.

केईएफमध्ये ट्विटर वूफरच्या बरोबर मध्यावर असतो. युनि-क्यू म्हणतात त्याला, १९८८ पासनं वापरतायत. दोघांचा आवाज एकाच जागेवरनं निघतो म्हटल्यावर खाली बसा, वर बसा, कोनात उभं राहा, फरक पडतो पण त्याच त्या पट्ट्यात खड्डा पडत नाही. झोपाळ्यावर ऐकताना तर हे फारच जाणवतं, झोका पुढं-मागं होतोय आणि गाणारी बाई आपल्या जागेवर स्थिर. तानपुऱ्याची जवारी पण यावर सगळ्यात उलगडून आली. खाँसाहेबांची खरखर वॉर्फडेलपेक्षा जरा जास्त ऐकू येते, ते मी चालवून घेतलं. कोन ॲल्युमिनियमचा आणि ट्विटरपण ॲल्युमिनियमचा, धातूचा म्हणजे टोचणार अशी भीती होती, नवीन रेकॉर्डिंगला तसं काही झालं नाही. टाइल्सवर सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा लागला मात्र, तो कुठल्याही स्पीकरला लागलाच असता.

त्रास एक झाला, यांचं पोर्ट मागं आहे आणि शोकेसवर ठेवल्यावर मागं भिंत चार बोटांवर. डग्गा घुमायला लागला आणि त्याच्या तालावर शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या, कपबश्यांसकट. पोर्टमध्ये फोमचा बोळा घातला, घुमणं गेलं. फोम नसेल तर धुतलेला पायमोजा चालतो, हसू नका. काचांसाठी वॉशिंग मशिनखाली घालतात तसले रबरी पॅड स्पीकरखाली ठेवले आणि काचेच्या खाचेत पातळ फेल्ट चिकटवलं.

आता पेटी आणि फिनिश, ज्यावरनं आमच्याकडं खरं भांडण झालं.

उसने आणलेले स्पीकर घरात होते तेव्हा माझ्या तानपुऱ्याची जवारी काढायला मिरजेहून चाचा आले होते, पिढीजात काम आहे त्यांच्याकडं. सवयीनं त्यांनी स्पीकरच्या पेटीवर बोटानं टकटक केलं आणि तोंड वाकडं केलं, म्हणाले यात तर जीवच नाही. त्यांचं बरोबर आहे, भोपळ्यावर आणि तबलीवर टकटक केली की ती बोलली पाहिजे, लाकूड बोललं नाही तर वाद्य कसलं. स्पीकरला अगदी उलटं पाहिजे. गाणं आधीच कुणीतरी गाऊन झालंय, त्यात पेटीनं आपला सूर घालायचा नाही. म्हणून टकटक केल्यावर ठक् असा बसका आवाज आला तर चांगलं, ढब्ब किंवा टण्ण आलं तर पेटी पोकळ. लोक म्हणतात अस्सल लाकडाचे स्पीकर गोड वाजतात, तर वरचं लाकूड आवाजात काही करत नाही. अर्धा मिलिमीटर व्हिनियर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) काय करणार. आतली एमडीएफ (दाबून केलेला लाकडी तंतूंचा बोर्ड) किती जाड, आडवे टेकू दिलेत का, यावर सगळं. याला एक जुना अपवाद आहे, बीबीसीचा एलएस ३/५ ए नावाचा छोटा मॉनिटर, त्याची पेटी मुद्दाम पातळ, १२ मिलिमीटर बर्च प्लायची, आतनं जड पॅड चिकटवून कंपन मारलेलं. त्यातले ड्रायव्हर केईएफचेच होते. पण तो हिशोब करून केलेला पातळपणा, आपल्या गल्लीतला सुतार जो करून देईल तो नव्हे.

म्हणजे फिनिश हा नुसता डोळ्याचा आणि टिकण्याचा प्रश्न, आणि या किमतीत बहुतेक ठिकाणी व्हिनाइलच (प्लॅस्टिकचा छापील कागद) असतं, वॉलनट म्हणजे वॉलनटची छपाई. ओळखायचं सोपं आहे. दोन्ही स्पीकर शेजारी ठेवा, दोघांवर गाठ त्याच ठिकाणी आणि रेषा त्याच असतील तर छपाई. खऱ्या व्हिनियरमध्ये जोडी जुळवलेली असली तरी अगदी तीच नसते. खरं व्हिनियर पाहिजे तर वॉर्फडेलचेच लिंटन बघा, पण ते बजेटच्या फारच पलीकडं, आणि त्यांची काळजीपण घ्यावी लागते. वॉलनट उन्हानं फिकट होत जातो, सागवान गडद होतो, म्हणून एक स्पीकर खिडकीत आणि एक सावलीत असं ठेवायचं नाही. व्हिनाइलचं तसं नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं, फक्त एकदा कोपऱ्याला सुटलं की दुरुस्ती नाही. आमच्या शोकेसला पॉलिश मारून घेता येतं, याला नाही.

दुकानात बघताना मागची बाजू आणि तळ बघा, पुढनं सगळे सुंदर असतात. व्हिनाइलचा जोड कुठं घेतलाय, पोर्टच्या भोकाच्या कडा उघड्या आहेत का. एमडीएफला व्हिनाइलवरनं पाणी लागलं तर फारसं काही होत नाही, उघड्या कडेतनं लागलं की फुगते आणि परत बसत नाही. गावभागात राहणाऱ्या आमच्या मामांचे भुश्याच्या बोर्डाचे जुने टॉवर २०१९ च्या पुरात खालनं वीतभर भिजले, तेवढ्यानं तळ पावासारखा झाला आणि बाजू उकलल्या. पुरात काय कुणाचंच टिकत नाही म्हणा, पण ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्पीकरचंपण हळूहळू तेच होतं. कोनच्या भोवतालची कड पण बघा, रबर असेल तर वर्षानुवर्षं राहते, फोम असेल तर आपल्या हवेत दहा-पंधरा वर्षांत भुगा होतो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी ही कड आधी बघायची आणि मग भाव करायचा.

दुकानात क्यू १५० काळा आणि पांढरा असा दोनच रंगांत होता. पांढरा दिसतो देखणा, पण ज्या घरात हळदीचा हात न पुसता आवाज कमी करायला येतात तिथं पांढरं आणू नये, आणि आम्ही तर सांगलीचे. २०२४ मध्ये आलेल्या क्यू १ मेटाला वॉलनट पण आहे, सासूबाईंनी फोटो बघून तेच घ्या म्हटलं, पण किंमत वर जात होती आणि जुन्या मॉडेलवर दुकानदार चांगली सूट देत होता. काळा घेतला. मॅट आहे, बोटांचे ठसे फार दिसत नाहीत, धूळ मात्र दिसते. पुढं एकही स्क्रू दिसत नाही हे मला आवडलं. पुढची जाळी वेगळी विकत घ्यावी लागते, हे दुकानात स्वतःहून कुणी सांगत नाही, आणि घरात लहान मूल असेल तर ती घ्याच, मधला चकचकीत ट्विटर बघून प्रत्येक पोराला बोट लावावंसं वाटतं आणि चेपलेला डोम नीट होत नाही.

सासूबाईंनी त्या काळ्या डब्यांवर शेवटी स्वतःच तोडगा काढला, दोघांवर क्रोशाचे रुमाल घातले, टीव्हीवर असायचे तसे. पोर्ट मागं असल्यामुळं वरच्या रुमालानं काही बिघडत नाही, फक्त झालर पुढं लोंबायला नको एवढं बघितलं. आता शोकेसवर शोभतात म्हणतात. नवऱ्यानं अँपच्या मागं सबवूफरचं भोक शोधून ठेवलंय आणि रोज एकदा तरी विषय काढतो, त्याला दिवाळीनंतर बघू असं सांगितलंय, कुठल्या दिवाळीनंतर ते सांगितलेलं नाही.